एका चीवराचा हंगाम

दिवाळी उलटली की आमच्याकडे हवेत पांढरं काहीतरी तरंगू लागतं. गाड्यांतून गळलेला कापूस बाभळीच्या काट्यांना लटकतो, तिथून ओसरीवर येतो, वरणाच्या वाटीत पडतो, शाळेत मुलांच्या टोप्यांवर बसतो. परवा एक पुंजका खिडकीतून वर्गात आला आणि मी फळ्यावर शब्दरूपं लिहीत होतो तिथे खडूच्या टोकाला चिकटला. मी तो झटकला, तर तो बोटाला चिकटला. या खटपटीत द्विवचन लिहायचं राहून गेलं आणि मुलांना वाटलं, म्हातारा विसरला. म्हातारा विसरला असता तर फार बरं झालं असतं.

अमडापूरहून दोन कोसांवरच्या आमच्या गावात ज्या वर्षी सिलोनचे भिक्षू राहिले, त्या वर्षाविषयी लोक अजून बोलतात. लोकांच्या लक्षात बँड आहे, मोटार आहे, मांडवात वाटलेले पेढे आहेत. माझ्या लक्षात एक वाक्य आहे जे मी बोललो, आणि दुसरं एक, जे बोलायचं कबूल करून मी बोललो नाही.

गावाला तेव्हा पक्का रस्ता नव्हता, पण इंग्रजी शाळा होती. दोन्ही गोष्टींना कारण तात्यासाहेब. रस्ता सरकारने करायचा म्हणून त्यांनी केला नाही, आणि शाळा सरकार करणार नाही म्हणून त्यांनी काढली. त्या शाळेत मी संस्कृत शिकवत असे, म्हणजे तात्यासाहेबांची भाकरी खात असे. पाच-सहा गावांत त्यांची जमीन होती, नांदुऱ्याला जिनिंगचा कारखाना होता. एकदा ते भावाच्या आजारपणासाठी रंगूनला गेले आणि परत आले ते बौद्ध धर्माचे आश्रयदाते होऊन. तिथल्या पॅगोड्यांत दात्याचं नाव संगमरवरात कोरतात. त्या धर्मातली हीच गोष्ट त्यांना सर्वांत आधी पटली असावी.

आल्यावर त्यांनी बौद्धविद्या पोषक निधी काढला. निधीचा पसारा थोडका नव्हता. लंडनच्या एका ग्रंथालयाला, रंगूनच्या एका छापखान्याला, सिलोनमधल्या विहारांना, जपानात कुणी मूर्ती घडवत होतं त्याला, अशी चहूकडे मदत जाई. महारवाड्यातल्या विहिरीला कठडा नव्हता, पण जर्मनीत कुणी पंडित पालीचा कोश रचत होता, त्याच्या तिसऱ्या खंडाला आमच्या गावाचा आधार होता. त्या पंडिताचं आभाराचं पत्र मी तात्यासाहेबांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी त्यांचे डोळे भरून आले. ते वाईट नव्हते. वाईट असते तर हे लिहिणं सोपं झालं असतं.

मग त्यांच्या मनात आलं की एखाद्या भिक्षूने आपल्या गावी वर्षावास करावा. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत भिक्षूने एका जागी राहायचं, आणि तो काळ पुरा झाला की दात्याने त्याला चीवर, म्हणजे वस्त्र द्यायचं. या दानाला कठिन म्हणतात. त्याचं सूत कातणं, विणणं, शिवणं, रंगवणं एका दिवसात उरकण्याची चाल काही देशांत आहे असं त्यांनी कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात माझ्याकडून वाचून घेतलं होतं. कापसाच्या मुलखात कापसाचा माणूस हे ऐकून स्वस्थ बसणं शक्य नव्हतं.

भिक्षू आषाढात आले. नांदुऱ्याच्या फलाटावर शेगावहून आणलेला बँड लग्नातल्या चाली वाजवत होता आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून एक किरकोळ अंगाचे, साठीतले गृहस्थ छत्री आणि भिक्षापात्र सांभाळत उतरले. आम्ही त्यांना नुसते भंते म्हणत असू. त्यांना इंग्रजी येई, पाली येई. आमची भाषा एक अक्षर येत नसे. मला पालीचा थोडा नाद होता म्हणून दुभाषा मी.

पहिल्याच सकाळी ते पात्र घेऊन भिक्षेला निघाले. घरोघरच्या बाया आधीच ज्वारीचं पीठ सुपात घेऊन उभ्या होत्या. आमच्याकडे गोसाव्याला, बैराग्याला पीठ घालतात; तो त्याचं शिजवून घेतो. भंत्यांना शिजवायची मनाई आणि दुपारनंतर खायचीही. पात्र पिठाने भरलं आणि पोट रिकामं. मी बायांना समजावलं की बुवांना शिजलेलंच चालतं. गोदाकाकू म्हणून शेजारच्या होत्या, त्यांनी विचारलं,

"बावाची जात कोन्ती हाये?"

"त्यांना जात नाही, काकू."

"मंग तर शिजलेलं देताच येत नाही," त्या म्हणाल्या आणि पीठ घालून आत गेल्या.

भंते घर निवडत नसत. वाट नेईल तिकडे जात. वाट महारवाड्यात गेली, तेही गेले. तिथे एका बाईने निथळत्या पागोळ्यांखाली उभं राहून गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी पात्रात घातली. भंते तिथल्याच निंबाखाली बसून जेवले. दुपारपर्यंत ही गोष्ट अमडापूरच्या बाजारात पोचली होती. तात्यासाहेबांनी दुसऱ्या दिवसापासून वाड्यावरचा आचारी लावून दिला. जो बोलावतो तो यजमान, एवढंच भंते म्हणाले आणि पात्र फळीवर ठेवलं.

ती भाकरी घालणारी बाई संपतची आई. संपत महारवाड्यातल्या बोर्डाच्या शाळेचा मास्तर, वय चोवीस-पंचवीस, उंच, सदऱ्याची सगळी बटणं लावलेला. तिसऱ्या दिवशी तो तात्यासाहेबांच्या आमराईत भंत्यांसाठी बांधलेल्या कुटीसमोर, अंगणाबाहेर, ओल्या जमिनीवर येऊन बसला. काय हवं म्हणून मी विचारलं. पाली शिकायचं, म्हणाला. भंत्यांना मी ते सांगितलं. त्यांनी आपली चटई उचलली, अर्धी स्वतःखाली घेतली आणि अर्धी समोर पसरून थाप मारली. ती थाप मी पाहिली आहे. जगात ज्या काही थोड्या गोष्टींवर माझा विश्वास उरला आहे, त्यांत ती धरता येईल.

श्रावणभर आम्ही तिघे त्या कुटीत बसत होतो. पत्र्यावर पाऊस असा वाजे की मोठ्याने बोलावं लागे, आणि शांततेवरची सुत्तं आम्ही ओरडून म्हणत असू. धर्माचं धम्म आणि कर्माचं कम्म करताना माझी जीभ अडखळे. संपतच्या घरच्या बोलण्यात शब्द आधीच तसे झिजून गुळगुळीत झालेले होते. दोन महिन्यांत तो माझ्या पुढे गेला. मला त्याचा आनंद झाला असं मी तेव्हा म्हणत असे. घरी परतलो की दारात बायकोने पाण्याची कळशी भरून ठेवलेली असे. मी तिला कधी नको म्हणालो नाही. अंगावर पाणी घेऊन, ओल्या धोतराने उंबरा ओलांडून मी आत जाई आणि संपत किती हुशार आहे ते तिला सांगे.

निधीने त्या वर्षी आणखी एक गोष्ट जाहीर केली होती. जिल्ह्यातला एक विद्यार्थी तीन वर्षं सिलोनला, भंत्यांच्या विहारातल्या शाळेत शिकायला पाठवायचा. कार्तिकात कठिन-चीवराच्या समारंभात त्याचं नाव डेप्युटी कमिशनरांच्या तोंडून जाहीर व्हायचं. तात्यासाहेबांच्या बहिणीचा मुलगा यशवंत मॅट्रिकच्या परीक्षेशी दोन वर्षं झगडून घरी बसला होता, त्याची आई भावाच्या मागे लागली होती. पण भंत्यांनी संपतचं नाव सुचवलं आणि तात्यासाहेबांनी, मला खोटं वाटेल इतक्या लवकर, ते मान्य केलं. "पेपरात चांगलं दिसन, शास्त्रीबुवा," ते म्हणाले. कारण काही का असेना, संपत जाणार होता. एखाद्याचं भलं कुणाच्या हौसेतून होत असेल तर हौसेला नावं ठेवू नयेत, इतपत शहाणपण मला तेव्हाही होतं.

संपतने कुणाला सांगितलं नाही. फक्त एकदा, कुटीतून परतताना, बांधावर थांबून त्याने मला विचारलं, "गुर्जी, जहाजावर पानी कसं असते? म्हंजे, येगळं असते का?"

मी म्हणालो, मी जहाज पाहिलेलं नाही.

"नाई, एकाच टाकीतलं असन तं," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याने चालण्यात घालवलं.

पोळा झाला आणि तात्यासाहेबांना वाटलं, इतका मोठा भिक्षू आपल्या आमराईत आहे हे आमराईबाहेर कुणाला माहीत नाही. त्यांनी भंत्यांना अकोला, अमरावती, नागपूर असं फिरवायला नेलं. बरोबर मुनीमजी, दुभाष्याचं काम चालवण्यापुरतं इंग्रजी असलेले. वर्षावासात भिक्षूला कुणाच्या आग्रहाखातर सात दिवस बाहेर जाता येतं, आठव्याची मुभा नाही. सातव्या दिवशी परतायचं ठरलंही होतं. पण नागपुरातल्या एका बड्या गृहस्थाला पडसं झालं आणि सत्काराची सभा दोन दिवस पुढे गेली. परत जायला हवं असं भंत्यांनी दोनदा सांगितलं. मुनीमजींनी दोनदा मान डोलावली. अडीच हजार वर्षं चालत आलेला नियम एका पडशात मोडला.

नवव्या दिवशी भंते कुटीत परतले. मी आणि संपत तिथे होतो. हात-पाय धुऊन, बसून, त्यांनी शांतपणे सांगितलं की त्यांचा वर्षावास भंग झाला. आता कार्तिकात जे मिळेल ते कठिन नव्हे, साधं वस्त्र. दानाचं पुण्य त्याने कमी होत नाही, पण दात्याला हे आधी ठाऊक असलं पाहिजे. मिळायच्या वस्त्राविषयी भिक्षूने दात्याशी स्वतः बोलू नये असाही नियम आहे, म्हणून पंडितजींनी, म्हणजे मी, सांगावं. मी म्हणालो, सांगतो. संपत शेजारी होता. त्याने ते ऐकलं.

मी वाड्यावर गेलो तेव्हा तात्यासाहेब निमंत्रणपत्रिकेचा कागद बोटांनी चोळून पाहत होते. वर सोनेरी अक्षरांत कठिन-चीवरदान महोत्सव असं होतं. खाली लंडनपासून रंगूनपर्यंतच्या संस्थांच्या शुभेच्छा. "कसा वाटते?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कागद उत्तम आहे. पुढच्या वेळी गेलो तेव्हा मांडवाचं माप चाललं होतं. त्यापुढच्या वेळी डेप्युटी कमिशनरांचा होकार आला होता. प्रत्येक वेळी तोंडाशी आलेलं वाक्य मी चहाच्या घोटाबरोबर गिळलं. यात शाळेची नोकरी होती हे खरं. पण भीतीला सगळं श्रेय देणंही बरोबर होणार नाही. मला वाटलं, इतक्या मोठ्या समारंभात हा एवढासा नियम कुणाला दिसणार आहे? पालीत काहीही खपतं. थाटामाटाला आयुष्यभर हसलेला माणूस वेळ आली तेव्हा त्या थाटामाटाचाच आडोसा घेऊन बसला.

तो दिवस सुंदर होता हे लिहायला मला आवडत नाही, पण होता. फटफटायच्या आत बाया शेतात शिरल्या. दह्याभाताचा घास शेताच्या धुऱ्यावर ठेवून त्यांनी दवाने जड झालेली बोंडं वेचली. मांडवाच्या एका कडेला हातचरकीतून सरकी निघत होती, शेजारी पिंजाऱ्याच्या धनुष्याचा टणत्कार चालू होता, आणि त्याच्या आजूबाजूला हवा पांढरी झाली होती. वीस-पंचवीस चरखे एकदम फिरत होते. विणायचं काम संपतच्या वडिलांकडे, धोंडबाकडे. त्यांचा जाड्याभरड्या कापडाचा माग महारवाड्यातच होता, म्हणून सूत तिकडे गेलं आणि कापड इकडे आलं. आलं तेव्हा तुळशीच्या पानाने त्याच्यावर दोन थेंब शिंपडले, की ते व्यासपीठावर जायला मोकळं झालं. विणणारे हात महारवाड्यासाठी बांधलेल्या दोरीपलीकडे उभे होते. दुपारी ते शिवून बाभळीच्या सालीच्या काढ्यात बुडवलं, वाळवलं; उन्हाला शेवटी घाई करावी लागली. उतरत्या उन्हात भंत्यांसमोर चौरंगावर ते तपकिरी वस्त्र ठेवलं तेव्हा मागचे लोक उठून पाहू लागले.

आता फक्त नाव जाहीर व्हायचं होतं. त्याआधी निवडलेल्या विद्यार्थ्याची विद्या पाहुण्यांना दाखवावी अशी तात्यासाहेबांची इच्छा. कठिनाविषयीचाच पालीतला उतारा संपतने म्हणायचा होता. दोरीच्या पलीकडून, जमिनीवर उभा राहून, त्याने तो एकदाही न अडखळता म्हटला. टाळ्या पडल्या. डेप्युटी कमिशनर आपलेच, कोकणातले, चोख मराठी बोलणारे. त्यांना कंटाळा आला असावा किंवा खरंच कुतूहल असावं. ते म्हणाले, याचा अर्थही सांगू दे त्याला.

संपतने एकदा भंत्यांकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"याचा अर्थ असा हाये का, जो भिक्षू तीन महिने एका जागी राह्यला त्यालेच कठिन घेता येते. सात दिसाच्या वर बाहीर राह्यला का वर्षावास मोडते. भंते नऊ दिस बाहीर होते. म्हनून आजचं हे कठिन नाही, साधं दान हाये. तात्यासाहेबाइले हे मालूम हाये. तरी त्याइनं हात आखडला नाही, हे त्याइचं मोठेपन."

तो तात्यासाहेबांची स्तुती करत होता. मनापासून करत होता. त्याच्या समजुतीप्रमाणे मी दीड महिन्यापूर्वीच सांगितलेलं होतं.

मागे कुणीतरी हसलं. तात्यासाहेबांच्या हातात आभाराचं भाषण होतं, त्याची घडी त्यांनी घातली, पुन्हा उलगडली. कमिशनरसाहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "शास्त्रीबुवा, असं आहे का?"

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. संपतही. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती; गुरुजी आता दुजोरा देतील एवढंच होतं. मराठी न कळणारे भंते डोळे मिटून बसले होते.

मी म्हणालो, "टीकाकारांत मतभेद आहेत, साहेब."

हे वाक्य बरंच कामाचं आहे. त्यात सत्य नसतं, पण ते विद्वत्तेसारखं ऐकू येतं. साहेब हसून "असणारच" म्हणाले, लोक सैल झाले, बँड वाजला. चिठ्ठीवरचं नाव तात्यासाहेबांनी पेन्सिलीने खोडून दुसरं लिहिलं, आणि साहेबांनी यशवंतचं नाव वाचलं. भंत्यांनी वस्त्र स्वीकारलं. साधं दान म्हणून स्वीकारलं, हे त्या मांडवात फक्त आम्हा तिघांना नक्की माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तात्यासाहेब मला म्हणाले, "त्या पोराले इद्या हाये, शास्त्रीबुवा, पन सभा कळत नाही. उद्या परदेशात जाऊन आपली काय शोभा करन?" मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची ते मलाही ठरवता आलं नाही, म्हणून ती होकाराची धरली गेली. त्याच आठवड्यात भंते गेले. संपत लवकरच येईल अशी त्यांची समजूत होती. वाड्यातल्या गोष्टी सांगायचं काम दुभाष्याचं, आणि दुभाष्याने दुखवट्यातल्यासारखं मौन धरलं होतं.

यशवंत कोलंबोला आठ महिने राहिला. जेवण मानवलं नाही म्हणून परतला. आता तो निधीचा चिटणीस आहे आणि पत्रव्यवहार उत्तम करतो. निधी चालू आहे. परवाच बर्लिनहून की कुठून पत्र आलं म्हणतात. बोर्डाने संपतची बदली मेहकरच्या पलीकडे कुठेतरी केली. कोणाच्या शब्दावरून केली ते मी विचारलं नाही. विचारलं की उत्तर मिळतं.

तो मला पाच वर्षांनी भेटला, अमडापूरच्या बाजारात, असाच कापूस उडत असताना. शाळेसाठी पाटीवरच्या पेन्सिली घेत होता. मला पाहून पूर्वीसारखाच उभा राहिला, पूर्वीइतक्याच अंतरावर. केस कानांजवळ पिकले होते. मी पालीचं विचारलं.

"कोनासंग बोलू, गुर्जी? पोराइले पाढे शिकवतो."

मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो. यंदा बोंडअळी फार आहे, सरकीला भाव नाही. मग तोच म्हणाला, "भंतेचं पत्र आलतं मले. मागल्या साली." मी विचारलं, काय म्हणतात?

"इचारलं होतं, तू काऊन आला नाही. आन् इचारलं होतं, पंडितजीनं दात्याले अगुदर सांगतलं होतं ना."

पेन्सिलींचा पुडा तो दोऱ्याने बांधत होता.

"मी लिवलं, हाव, सांगतलं होतं. मीच आलो नाही, घरची अडचन होती."

"तुला माहीत होतं, मी सांगितलं नव्हतं ते?"

"तुमी मतभेद म्हनलं ना, तवाच समजलं."

"मग असं का लिहिलंस?"

"त्याइचा तुमच्यावर लय भरोसा होता, गुर्जी," तो म्हणाला. "म्हातारा मानूस. त्याइले काऊन दुखवा?" आणि उशीर होतो म्हणून त्याने नमस्कार केला, मेहकरकडे जाणारी बैलगाडी बघायला तो निघून गेला.

भंत्यांनी त्याला पहिल्याच महिन्यात पंचशील दिलं होतं. खोटं बोलणार नाही हे त्यातलं चौथं. एवढ्या मोठ्या सभेत त्याने ते पाळलं आणि सिलोन गमावलं. माझ्या माहितीत त्याने ते एकदाच मोडलं, माझी अब्रू राखायला. तीही अशा माणसापाशी, जो मला पुन्हा कधी दिसणार नव्हता. हे सगळं मला घरी परतताना सुचलं, आणि तेव्हापासून दर वर्षी या दिवसांत सुचतं. पण खरं लिहायचं तर त्या क्षणी बाजारात उभा असताना, भंत्यांना काही कळलेलं नाही एवढंच माझ्या ध्यानात आलं, आणि मला हायसं वाटलं.